प्रवासी रीजनल जेटचं मालवाहू विमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांनी पाठवलेले आहेत, आणि त्यातले काही तर पुन्हापुन्हा येतात. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे शेवटी. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली की तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रीजनल जेट म्हणजे नेमकी कोणती विमानं?

साधारण ५० ते १०० आसनांची, छोट्या शहरांना मोठ्या विमानतळांशी जोडणारी जेट विमानं. बोंबार्डियरची सीआरजे मालिका, एम्ब्राएरची ई-जेट (ई१७० ते ई१९५), चार इंजिनांचं ब्रिटिश बीएई १४६ आणि चीनचं एआरजे२१ ही यातली ठळक नावं. एआरजे२१ चं नाव २०२४ मध्ये बदलून सी९०९ केलं आहे. एटीआर ७२ याच मार्गांवर उडतं, पण ते पंख्याचं, म्हणजे टर्बोप्रॉप विमान. त्याची तुलना प्रश्न १३ मध्ये आहे.

२. जुनं प्रवासी विमान कापूनजोडून मालवाहू कशाला करायचं? नवीनच का घेत नाहीत?

पहिलं कारण म्हणजे या आकाराचं नवंकोरं मालवाहू जेट विकत मिळणं जवळपास अशक्य आहे. खरं कारण मात्र वापराच्या तासांत आहे. प्रवासी विमान दिवसाला आठ-दहा तास हवेत असतं, म्हणून त्याची भारी किंमत आणि कमी इंधन यांचं गणित जुळतं. पार्सलचं विमान रात्री पार्सलांचं वर्गीकरण होतं त्या केंद्राकडे एक फेरी मारतं, पहाटे परत येतं आणि दिवसभर उभं राहतं. इतक्या कमी तासांत इंधनाची बचत नव्या विमानाचा हप्ता भरून काढू शकत नाही. भांडवल कमी गुंतलेलं असलं की विमान जरा जास्त इंधन प्यायलं तरी परवडतं. या पानावरची निम्मी उत्तरं शेवटी या एका हिशेबावर येतात.

३. नुसत्या खुर्च्या काढून खोकी भरली तर चालत नाही का? कोविडमध्ये तसंच तर करत होते.

करत होते, पण तात्पुरत्या सवलतीवर. २०२० मध्ये प्रवासी उड्डाणं थांबली आणि त्यांच्या पोटातून जाणारी मालवाहतूकही आटली. तेव्हा नियामकांनी केबिनमध्ये माल न्यायला सूट दिली. युरोपात ही सूट २०२२ च्या मध्यात संपली.

अडचणी तीन होत्या. केबिनची जमीन खुर्च्यांच्या रुळांतून येणारा भार पेलण्यासाठी बनवलेली असते, जड पॅलेटसाठी, म्हणजे ज्यावर माल रचून बांधतात त्या फळीसाठी नाही. मालाला आग लागली तर ती ओळखायची आणि रोखायची यंत्रणा केबिनमध्ये नसते, तिथे ते काम कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांवर आणि हातातल्या अग्निशामकावर चालतं. आणि अचानक थांबावं लागलं तर मागचा माल वैमानिकांच्या अंगावर येऊ नये, यासाठी कसलीच भिंत नसते. शिवाय सगळं एकेक खोकं हातानं चढवायचं.

४. मग मोठा दरवाजा न बसवता केलेली मालवाहू विमानं कशी चालतात?

चालतात, आणि ती अधिकृत रूपांतरं असतात. सीआरजे२०० चा असा एक प्रकार आहे, ज्याला व्यवसायात ‘पॅकेज फ्रेटर’ म्हणतात. आतलं सामान काढतात, अस्तर बदलतात, धूरशोधक आणि जाळ्या लावतात, पण दरवाजा प्रवाशांचाच राहतो. टपालाच्या पिशव्या आणि सुटी पार्सलं असतील तर हे पुरतं. स्वीडनच्या वेस्ट एअरनं ही विमानं टपालासाठी वापरली.

खर्च कमी, वजन कमी, काम लवकर होतं. पण लोडिंगला वेळ लागतो आणि दरवाज्यातून न जाणारी वस्तू घेताच येत नाही. रात्रीच्या केंद्रावर चाळीस मिनिटांत विमान रिकामं करून भरायचं असेल तर मोठा दरवाजा हवाच.

५. पूर्ण रूपांतरात काय काय बदलतं?

आधी विमानाची मोठी तपासणी होते. त्यात सापडलेला गंज आणि तडे दुरुस्त करूनच पुढचं काम. मग विमान जॅकवर चढवून धडाला खालून ठिकठिकाणी आधार देतात. हा टप्पा बाहेरच्यांना कंटाळवाणा वाटतो, पण सगळं यावर अवलंबून आहे. धडावर ताण असताना भोक पाडलं तर कातडी, म्हणजे धडाचा बाहेरचा पत्रा, किंचित सरकते, आणि मग दरवाजा चौकटीत कधीच नीट बसत नाही.

त्यानंतर पुढच्या डाव्या बाजूला भोक कापतात. विमानाच्या धडात आडव्या कड्या आणि उभे दांडे मिळून भार वाहत असतात. भोक पाडलं की तो भार वळसा घालून जायला हवा, म्हणून भोकाभोवती जाड चौकट आणि कातडीवर दुहेरी थर बसवतात. उड्डाणात आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला ८ पौंडांच्या आसपास जास्त असतो. अडीच मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर उंच दरवाजा धरला तर त्याला बाहेर ढकलणारा जोर २० टनांहून अधिक भरतो. असा जोर प्रत्येक उड्डाणात एकदा येतो आणि एकदा जातो. म्हणून दरवाज्याच्या कुलुपांचे नियम कडक आहेत. १९७४ मध्ये पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सचं डीसी-१० मालाचा दरवाजा उघडल्यामुळे कोसळलं, ती आठवण या नियमांमागे आहे.

दरवाजा झाला की जमिनीच्या तुळया मजबूत करायच्या, त्यावर रोलर, पॅलेट सगळीकडे सरकवता येईल अशी गोळ्यांची बॉल-मॅट आणि पॅलेट अडकवायची कुलुपं बसवायची. खिडक्या धातूच्या तुकड्यांनी बंद होतात, मागचे आपत्कालीन दरवाजे निकामी केले जातात, स्वयंपाकघर आणि शौचालयं निघतात. कॉकपिटमागे एक अडसर येतो, मालासकट ९ जी, म्हणजे गुरुत्वाच्या नऊपट, इतका पुढचा धक्का सोसणारा. शेवटी धूरशोधक, हवेच्या प्रवाहाचे झडप-बदल आणि वैमानिकांचा वाढीव ऑक्सिजन.

६. किती वेळ लागतो?

साधारण तीन ते चार महिने, विमान चांगल्या अवस्थेत असेल तर. तपासणीत गंज निघाला की वेळापत्रक कोलमडतं. नव्या प्रकारच्या विमानाचं पहिलं रूपांतर मात्र वर्षांच्या हिशेबात मोजायचं, कारण त्यात रेखांकन, चाचण्या आणि मंजुरी येते (प्रश्न ११).

७. मुख्य डेकवर, म्हणजे पूर्वी प्रवासी बसायचे त्या वरच्या मजल्यावर, माल पेटला तर विझवायचा कसा?

बहुतेक वेळा विझवत नाहीत, गुदमरवतात. खालच्या छोट्या सामानकक्षात हॅलॉन वायू सोडून आग दाबायची सोय असते. वरच्या डेकची जागा इतकी मोठी की तेवढा वायू नेणं परवडत नाही. म्हणून त्या कक्षाला ‘वर्ग ई’ अशी वेगळी श्रेणी आहे, आणि ती फक्त निव्वळ मालवाहू विमानालाच मिळते. धूर दिसला की वैमानिक त्या भागाचा हवापुरवठा बंद करतात, ऑक्सिजनचे मुखवटे चढवतात आणि विमानाचा दाब सोडून देतात. उंचीवरच्या विरळ हवेत आग मंदावते. मग जवळचा विमानतळ गाठायचा.

लिथियम बॅटरीपुढे हा उपाय तोकडा पडतो, कारण त्या पेटल्यावर लागणारी उष्णता त्या स्वतःच तयार करतात. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेलं यूपीएस या पार्सल कंपनीचं बोइंग ७४७ अशा आगीत कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. मालवाहू विमानात त्या ३० टक्क्यांपर्यंतच चार्ज करून पाठवायच्या असतात. ऑनलाइन खरेदीतल्या पार्सलांत बॅटऱ्या किती असतात ते पाहिलं, की छोट्या मालवाहू जेटचे मालक या प्रश्नावर इतके सावध का असतात ते कळतं.

८. किती माल मावतो?

मोठ्या दरवाज्याच्या सीआरजे२०० मध्ये सुमारे ६.७ टन. चिनी एआरजे२१ च्या मालवाहू रूपात सुमारे १० टन. एम्ब्राएरच्या आकड्यांप्रमाणे ई१९०एफ मध्ये (‘एफ’ म्हणजे मालवाहू रूप) १३,१५० किलो आणि ई१९५एफ मध्ये १४,३०० किलो, पण यात कंटेनरचं वजनही धरलेलं आहे. जाहिरातीतला टनांचा आकडा वाचताना हे आधी विचारावं.

टनांपेक्षा घनमीटर महत्त्वाचे. हवाई मालाचं भाडं ठरवताना ६,००० घन सेंटिमीटरला एक किलो धरायची पद्धत आहे. म्हणजे घनमीटरला १६७ किलो. पार्सलांचा माल बहुधा याहून हलका असतो. खोक्यात बूट कमी आणि हवा जास्त. त्यामुळे विमान वजनाची मर्यादा गाठण्याआधीच जागेनं भरतं. रीजनल जेटला बाजार मिळाला तो याच मालामुळे. यंत्रांचे सुटे भाग किंवा मासळी न्यायची असेल तर उलटं होतं आणि अर्धं विमान रिकामं दिसत असताना वजनाची मर्यादा संपते.

९. मोठ्या विमानातलं पॅलेट उतरवून थेट यात चढवता येतं का?

बहुतेकदा नाही. ८८ बाय १२५ इंचांचं सर्रास वापरलं जाणारं पॅलेट बोइंग ७३७ मध्ये आडवं मावतं. १२५ इंच म्हणजे जवळपास ३.१८ मीटर, आणि ई-जेटच्या केबिनची सर्वात जास्त रुंदी २.७४ मीटर. सीआरजे त्याहून अरुंद. म्हणून या विमानांना छोटी पॅलेट किंवा त्यांच्या गोलाईला बेतलेले कंटेनर लागतात.

याचा त्रास केंद्रावर होतो. माल मोडून पुन्हा रचायचा म्हणजे माणसं, वेळ आणि चुका. ज्यांचं जाळं पार्सलं सुटी वर्गीकरण करणारं आहे त्यांना फरक पडत नाही, कारण त्यांचा माल तसाही प्रत्येक केंद्रावर मोडला जातो. परदेशी विमानांतून आलेलं पॅलेट जसंच्या तसं पुढं पाठवणाऱ्यांनी मात्र विचार करावा.

१०. हे आतापर्यंत कोणी केलं आहे?

पहिलं मोठं उदाहरण बीएई १४६ चं. टीएनटी कंपनीनं १९८७ पासून ‘क्वाएट ट्रेडर’ या नावानं त्याचं मालवाहू रूप युरोपच्या रात्रीच्या पार्सल जाळ्यात उतरवलं. दरवाजा बसवायचं काम अमेरिकेत अलाबामातल्या डोथनला हेज इंटरनॅशनलकडे झालं. विमान भारी वेगवान नव्हतं, चार इंजिनांची देखभालही महाग. पण ते कमी आवाज करायचं, आणि रात्री आवाजावर बंधनं असलेल्या विमानतळांवर तेवढा एक गुण पुरेसा होता.

नंतर सीआरजे२०० आलं, कारण ५० आसनांची जेट प्रवाशांसाठी परवडेनाशी झाली आणि स्वस्तात मिळू लागली. फ्लोरिडातल्या एरोनॉटिकल इंजिनिअर्स कंपनीनं त्याला मोठा दरवाजा बसवला. एम्ब्राएरनं मार्च २०२२ मध्ये ई-जेटची योजना जाहीर केली. पहिलं ई१९०एफ एप्रिल २०२४ मध्ये साओ जोसे दोस काम्पोसहून उडालं आणि त्याच वर्षी ब्राझिलच्या नियामकाची मंजुरी मिळाली. चीनमध्ये एआरजे२१ ची रूपांतरित विमानं २०२३ मध्ये ग्राहकांच्या हाती गेली.

११. मंजुरी कोण देतं? मूळ विमानकंपनीची परवानगी लागते का?

विमानाच्या मूळ रचनेला प्रकार-प्रमाणपत्र असतं. त्यात मोठा बदल करणाऱ्याला त्यावर पूरक प्रमाणपत्र मिळवावं लागतं. ते नियामक देतो, मूळ कंपनी नाही. म्हणून त्रयस्थ कंपनीही रूपांतर विकू शकते. सीआरजे२०० तसं झालं, ई-जेटची योजना मात्र खुद्द एम्ब्राएरची आहे.

फरक माहितीचा आहे. मूळ कंपनीकडे ताणाची सगळी गणितं असतात, त्रयस्थाला ती मोजून किंवा विकत घेऊन उभी करावी लागतात. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. एका देशाची मंजुरी दुसऱ्या देशात आपोआप लागू होत नाही, तिथल्या नियामकानं ती स्वीकारावी लागते. विमान भाड्यानं द्यायचं असेल तर कोणकोणत्या देशांत ती स्वीकारली आहे, हे करारापूर्वी तपासा.

१२. रूपांतरासाठी विमान निवडताना काय पाहावं?

इंजिनं. मग पुन्हा इंजिनं. पंधरा वर्षांच्या ई१९० मध्ये बरीचशी किंमत त्याच्या दोन सीएफ३४-१०ई इंजिनांत असते. इंजिनातल्या फिरत्या चकत्यांना ठरावीक उड्डाणांचं आयुष्य असतं, ते संपलं की त्या बदलाव्याच लागतात. म्हणून मालकापुढे नेहमी दोन वाटा असतात. विमान मोडून सुटे भाग विकायचे, किंवा रूपांतर करायचं. सुट्या भागांना भाव आला की रूपांतराची योजना कागदावरच राहते. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांतल्या दोषामुळे शेकडो विमानं जमिनीवर आली आणि जुन्या विमानांची मागणी वाढली. मालवाहू रूपांतरासाठी स्वस्त विमान शोधणाऱ्यांना ते जाचलं. माझ्या मते रीजनल जेटची रूपांतरं अपेक्षेपेक्षा हळू होण्याचं हे मोठं कारण आहे, तंत्रज्ञान नाही.

दुसरी गोष्ट उड्डाणांची संख्या. रीजनल जेट तासाभराच्या फेऱ्या मारतं, त्यामुळे तास कमी असूनही फेऱ्या भरमसाट होतात. धडाची थकवण फेऱ्यांवर मोजली जाते, आणि एका मर्यादेपुढे विमान उडवताच येत नाही. वयानं तरुण दिसणारं विमान फेऱ्यांनी म्हातारं असू शकतं. मालवाहू झाल्यावर रोज दोन-चारच फेऱ्या होतात हे खरं, पण उरलेलं आयुष्य रूपांतराचा खर्च वसूल होईल इतकं हवं.

तिसरी गोष्ट जुळी भावंडं. एकाच ताफ्यातली, सारख्या बांधणीची विमानं घ्या. एकेक वेगळं विमान जमवलं तर प्रत्येकात तारा आणि दुरुस्त्या वेगळ्या निघतात आणि कामगारांचे तास वाढत जातात.

१३. एटीआरसारखं टर्बोप्रॉप स्वस्त पडतं. मग जेट कशाला?

अंतरावर आहे. चारशे किलोमीटरच्या फेरीत जेट पंधरा-वीस मिनिटं वाचवतं, त्यासाठी जास्त इंधन जाळणं शहाणपणाचं नाही. दीड हजार किलोमीटरवर हा फरक तासाहून जास्त होतो. रात्री अकराला माल बंद करून पहाटे पाचला पोचवायचा असेल तर तो तास सोन्याचा. छोट्या मार्गांवर टर्बोप्रॉपला हरवणं कठीण आहे. फेडेक्सनं २०१७ मध्ये थेट कारखान्यातून मालवाहू म्हणून बांधलेली ३० एटीआर ७२-६०० मागवली, ती उगाच नाही.

१४. आणि बोइंग ७३७-८०० किंवा एअरबस ए३२१ ची रूपांतरं मिळतात, त्यांचं काय?

७३७-८०० साधारण २३ टन नेतं, ए३२१ सुमारे २७ टन. विमान रोज भरत असेल तर प्रति किलो खर्च त्यांचाच कमी. प्रश्न भरण्याचा आहे. दहा-अकरा टनांच्या मार्गावर ७३७ अर्धं रिकामं उडतं. एम्ब्राएर म्हणतं की ई-जेटचा चालवण्याचा खर्च अरुंद धडाच्या मोठ्या विमानांपेक्षा ३० टक्क्यांपर्यंत कमी आहे. तो आकडा विक्रेत्याचा आहे आणि प्रति फेरीचा आहे, प्रति किलोचा नाही, हे लक्षात ठेवून वाचावा.

१५. २०१६ मध्ये स्वीडनमध्ये रूपांतरित सीआरजे कोसळलं होतं. ते रूपांतरामुळे का?

नाही. ८ जानेवारी २०१६ रोजी ऑस्लोहून ट्रॉम्सोला टपाल घेऊन निघालेलं ते विमान उत्तर स्वीडनमध्ये कोसळलं, दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. चौकशीत दिसलं की विमानाची स्थिती मोजणाऱ्या एका उपकरणानं कप्तानाच्या पडद्यावर नाक खूप वर गेल्याचं खोटं चित्र दाखवलं, आणि ते सुधारण्याच्या प्रयत्नात विमान खाली लोटलं गेलं. दीड मिनिटाच्या आत सगळं संपलं. विमान प्रश्न ४ मधल्या, म्हणजे मोठ्या दरवाज्याशिवायच्या प्रकाराचं होतं, पण दोषाचा मालवाहू बदलांशी संबंध नव्हता. काळोख्या रात्री बाहेर क्षितिज दिसत नसताना दोन पडदे वेगळं सांगू लागले तर एकमेकांशी काय बोलायचं, हा धडा त्यातून घेतला गेला.

१६. माल चढवताना विमान शेपटीवर बसतं हे खरं आहे का?

खरं आहे. मुख्य चाकांच्या मागे वजन जास्त झालं की नाक उचलतं. मागे इंजिनं असलेल्या सीआरजेमध्ये रिकाम्या विमानाचा तोलच मागे असतो, त्यामुळे जास्त जपावं लागतं. म्हणून शेपटीखाली टेकू लावतात, भरताना पुढून सुरुवात करतात आणि उतरवताना मागून.

जमिनीवरचा हा प्रकार फक्त खर्चाचा आणि हशाचा. हवेतला जीवघेणा. ऑगस्ट १९९७ मध्ये मायामीत फाइन एअरचं डीसी-८ चुकीच्या लोडिंगमुळे शेपटीकडे जड झालं आणि उड्डाण करताच कोसळलं. लोडमास्तराचा कागद आणि प्रत्यक्ष पॅलेटची जागा जुळते का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात.

१७. मालवाहू केलेल्या विमानातून माणसं नेता येतात का?

तिकीट काढलेले प्रवासी नाहीत. अडसराच्या पुढे, कॉकपिटलगत एक-दोन जागा असू शकतात. तिथे राखीव वैमानिक, मेकॅनिक किंवा जनावरांसोबतचा माणूस बसतो, नियामकानं ठरवलेल्या यादीतलाच. मालाच्या डेकवर कोणीही बसू शकत नाही, कारण आग लागली तर त्या भागातली हवाच काढून घ्यायची असते (प्रश्न ७).

१८. पुढे पुन्हा प्रवासी विमान करता येईल?

तांत्रिकदृष्ट्या करता येईल, व्यवहारात कोणी करत नाही. दिवसा प्रवासी आणि रात्री माल अशी झटपट बदलणारी विमानं वेगळी असतात. त्यांच्या खुर्च्याच पॅलेटवर बसवलेल्या असतात, आणि बीएई १४६ चा तसाही प्रकार होता. पण त्यात दोन्ही कामांचं जादा वजन कायम सोबत वाहावं लागतं, आणि सकाळी खुर्च्यांना वास येतो म्हणून प्रवासी नाखूष.

१९. भोक पाडल्यावर ग्राहकानं पैसे थांबवले तर?

मग विमान ना प्रवासी, ना मालवाहू. अर्धवट रूपांतराला प्रमाणपत्र नसल्यामुळे ते उडवून दुसऱ्या कारखान्यात नेणंही अवघड होतं. कापलेल्या धडाला भंगाराचा भाव येतो, किंमत उरते ती इंजिनं, चाकं आणि उपकरणं यांची. म्हणून करारात कापण्याची तारीख हा वेगळा टप्पा ठेवतात. त्याआधी मोठी रक्कम जमा व्हावी लागते, आणि इंजिनं त्या काळात कोणाच्या नावावर राहतील तेही लिहून घेतात. भाड्यानं घेतलेलं विमान असेल तर मूळ मालकाची आणि कर्ज देणाऱ्या बँकेची लेखी संमती त्या तारखेपूर्वी हातात हवी.